गाडीच्या पत्र्याची थरथर आणि तिचे शमन : काय चिकटवावे, कुठे आणि किती

पावसाची जोरदार सर कोसळू लागली की लहान गाडीच्या टपाखाली शेजारी बसलेल्याशी बोलतानाही आवाज चढवावा लागतो. दार लावताना रिकाम्या डब्यासारखा नाद येतो. गाण्यातला खर्ज जरा वाढवला की दाराचे आतले आवरण कुरकुरू लागते आणि खडबडीत रस्त्यावर डिकीच्या बाजूने अखंड घुमणारा ध्वनी पाठलाग करत राहतो. या साऱ्या तक्रारींवर गाड्यांच्या साहित्याच्या दुकानांत बहुधा एकच उपाय सुचवला जातो : 'डॅम्पिंग शीट' लावून घ्या. एका बाजूला चिकट काळा थर आणि दुसऱ्या बाजूला चंदेरी ॲल्युमिनियम असलेली ही शीट आता गावोगावी मिळते आणि ऑनलाइन मागवून ती घरच्या घरी लावणाऱ्यांची संख्याही कमी नाही.

हा उपाय खरा आहे. परंतु तो ज्या कामासाठी आहे, त्याच कामापुरता खरा आहे. डॅम्पिंग शीट पत्र्याची थरथर थांबवते; हवेतून येणारा आवाज अडवणे हे तिचे मुख्य काम नाही. हा फरक न ओळखता केलेल्या कामात पैसे वाया जातात. गोव्यासारख्या खाऱ्या हवेच्या आणि वर्षाकाठी सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात तर चुकीच्या जागी चिकटवलेली शीट दाराचा पत्रा आतून गंजवू शकते. म्हणूनच या साहित्याचे कार्य, त्याची मर्यादा आणि ते लावण्याची योग्य रीत या तिन्ही गोष्टी एकत्र समजून घेणे आवश्यक ठरते.

पत्रा आवाज का करतो

आजच्या मोटारीच्या दाराचा बाहेरचा पोलादी पत्रा साधारणतः ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. तो चारही कडांना घट्ट धरलेला आणि मध्ये मोकळा असतो. ढोलाच्या पुडीसारखी ही रचना आहे. इंजिनाची कंपने, चाकांवाटे येणारे धक्के, वाऱ्याचा दाब, पावसाचे थेंब किंवा दारातल्याच स्पीकरचा मागचा दाब यांपैकी कशानेही हा मोकळा भाग हलू लागतो आणि त्याच्या हलण्याने लगतची हवा हलते. तोच आवाज कानी पडतो.

प्रत्येक पत्र्याची आकार, जाडी आणि वजन यांनुसार ठरलेली स्वतःची काही कंपने असतात. बाहेरून येणारे कंपन यांपैकी एखाद्याशी जुळले की अनुनाद होतो आणि लहानशा धक्क्यानेही पत्रा मोठ्याने बोलू लागतो. इंजिनाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. चार सिलिंडरांच्या चारघाती इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर स्फोटांची वारंवारता ५० हर्ट्झ आणि ३,००० फेऱ्यांवर १०० हर्ट्झ येते. तीन सिलिंडरांच्या इंजिनात ३,००० फेऱ्यांवर हीच संख्या ७५ हर्ट्झ असते. ठरावीक वेगालाच गाडीत एखादा भाग घुमू लागतो आणि वेग थोडा वाढवताच गप्प होतो, त्याचे कारण बहुधा अशा जुळणीतच असते.

पोलाद स्वतः कंपनाची ऊर्जा फारशी गिळत नाही. देवळातील घंटा टोल दिल्यावर बराच वेळ घुमत राहते, ती धातूच्या याच गुणामुळे. त्याच घंटेला हाताचा तळवा लावला की नाद क्षणात तुटतो. तळव्याच्या मऊ पेशींनी कंपनाची ऊर्जा शोषून घेतलेली असते. घंटेचे वजन त्यामुळे वाढलेले नसते किंवा तिला कुणी घट्ट आवळलेलेही नसते. डॅम्पिंग शीट पत्र्यावर जे काम करते, ते या तळव्यासारखेच असते.

शीट काम कशी करते

शीटमधला काळा थर बहुतेक चांगल्या उत्पादनांत ब्युटाइल रबराचा असतो. आयसोब्युटिलीन आणि अल्प प्रमाणात आयसोप्रीन यांपासून तयार होणारे हे रबर अमेरिकेतील स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी या कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी १९३७ साली विकसित केले. हवा आरपार जाऊ न देण्याच्या गुणामुळे ते टायरच्या ट्यूबसाठी लोकप्रिय झाले. त्याचा दुसरा गुण येथे महत्त्वाचा आहे. हा पदार्थ अंशतः रबरासारखा लवचीक आणि अंशतः घट्ट काकवीसारखा असतो. त्याला ताणले की तो परत येतो खरा, पण परत येताना घेतलेली सगळी ऊर्जा परत करत नाही. तिचा काही भाग उष्णतेत रूपांतरित होतो. ही उष्णता इतकी अल्प असते की हाताला जाणवतही नाही.

वरच्या ॲल्युमिनियमचे कार्य शोभेचे नाही. पत्रा वाकतो तेव्हा त्याला चिकटलेला रबराचा खालचा पृष्ठभाग त्याच्यासोबत ताणला जातो. वरच्या बाजूला मात्र ॲल्युमिनियमचा ताठ थर रबराला धरून ठेवतो. मधल्या रबराचा खालचा भाग एकीकडे आणि वरचा दुसरीकडे सरकू पाहतो आणि या सरकण्यातच ऊर्जा खर्ची पडते. ॲल्युमिनियम अगदी पातळ, चॉकलेटच्या वेष्टनासारखे असेल तर तेही रबराबरोबर ताणले जाते आणि शमन घटते. त्यामुळे शीट निवडताना एकूण जाडीइतकीच ॲल्युमिनियमची जाडीही पाहावी लागते.

या शास्त्राचा पाया विसाव्या शतकाच्या मध्यास घातला गेला. जर्मनीतील हेर्मान ओबेर्स्ट यांनी १९५२ साली पातळ पत्र्याला चिकटवलेल्या शमनथराचा गणिती अभ्यास प्रसिद्ध केला. पट्टीवर थर लावून तिचे कंपन मोजण्याची पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वरून ताठ आवरण असलेल्या थराचा सिद्धान्त अमेरिकेतील एडवर्ड कर्विन यांनी १९५९ साली मांडला. दुकानात मिळणारी चंदेरी शीट हे त्याच सिद्धान्ताचे घरगुती रूप होय.

मोटार कारखानेही हा उपाय वापरतातच. नव्या गाडीच्या तळावर, गालिच्याखाली, डांबरयुक्त जाड चकत्या दिसतात. रंगाच्या भट्टीतील उष्णतेने त्या पत्र्याला चिकटून बसतात. अलीकडे अनेक कारखान्यांत यंत्रमानवाकरवी फवारला जाणारा द्रवरूप थर त्यांची जागा घेऊ लागला आहे. वजन आणि खर्च यांचा हिशेब करून कारखाना आवश्यक तेवढाच थर देतो. स्वस्त गाडीत तो कमी असतो, महागड्या गाडीत अधिक.

चार साहित्ये, चार कामे

'साउंडप्रूफिंग' या एकाच नावाखाली चार भिन्न गोष्टी विकल्या जातात. त्यांतील भेद लक्षात घेतल्याशिवाय योग्य खरेदी होऊ शकत नाही.

पहिली शमनाची. ब्युटाइलची शीट या वर्गात मोडते. ती थेट पत्र्यालाच चिकटवावी लागते. गालिच्यावर किंवा फोमवर चिकटवल्यास तिचा उपयोग होत नाही.

दुसरी अडसराची. हवेतून येणारा आवाज अडवायचा तर मधल्या पडद्याला वजन लागते. पडद्याचे दर चौरस मीटरमागचे वजन दुप्पट केले की आरपार जाणारा आवाज तत्त्वतः सुमारे ६ डेसिबलने घटतो. यासाठी जड व लवचीक व्हिनाइल वापरतात. त्याच्या प्रचलित प्रकाराचे वजन चौरस मीटरला जवळपास ५ किलो भरते. अडसर अखंड असावा लागतो. एखाद्या भिंतीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का एवढी फट उघडी राहिली तर ती भिंत कितीही जाड असली, तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पलीकडे जाऊ शकत नाही.

तिसरी शोषणाची. फेल्ट, लोकरी थर, छिद्रांचा मऊ फोम यांत शिरलेला ध्वनी तंतूंत अडकून विरतो. येथे जाडीला महत्त्व असते. १,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ३४ सेंटिमीटर असते, तर १०० हर्ट्झची सुमारे ३.४ मीटर. एक-दोन सेंटिमीटरचा थर वाऱ्याची शीळ मऊ करू शकतो, मात्र इंजिनाचा खर्ज त्याला दादही देत नाही.

चौथी विलगतेची. दोन कठीण पृष्ठभाग एकमेकांवर घासून कुरकुर करत असतील तर मध्ये बंद छिद्रांच्या फोमची पातळ पट्टी देणे पुरेसे ठरते. दाराच्या आवरणाचा खडखडाट बहुधा एवढ्यानेच थांबतो.

अपेक्षा किती ठेवावी

डेसिबलचे गणित अनेकांचा अपेक्षाभंग करते. ध्वनीची ऊर्जा निम्मी झाली तर मोजमाप केवळ ३ डेसिबलने उतरते. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची घट लागते. गाडीत येणारा आवाज एकाच वाटेने येत नाही. टायर, इंजिन, काचा, दारांच्या फटी, तळ आणि टप अशा अनेक वाटांनी तो आत शिरतो. दारांच्या पत्र्यावाटे येणारा वाटा एकूण ऊर्जेच्या दहाव्या हिश्शाएवढा असेल आणि तो समूळ बंद केला, तरी एकूण पातळी अर्ध्या डेसिबलहून कमीच उतरेल. कानाला तो फरक कळणारही नाही. दारांवर मोठी रक्कम खर्च करूनही 'काहीच फरक पडला नाही' असे वाटते, त्याचे उत्तर येथे आहे.

याउलट जेथे पत्रा स्वतःच आवाजाचे उगमस्थान असतो, तेथे शीटचा परिणाम स्पष्ट जाणवतो. टपावरचा पाऊस, दाराचा डब्यासारखा नाद, दारातील स्पीकरमुळे होणारी थरथर आणि डिकीच्या झाकणाचा घुमारा ही त्याची ठळक उदाहरणे. टायरचा आवाज मात्र मुख्यत्वे ८०० ते १,००० हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याचा मोठा भाग हवेतून येतो. तो केवळ शीटने उतरत नाही; त्यासाठी चाकांच्या कमानींजवळ अडसर आणि शोषण यांची जोड लागते. विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचा आवाज नसल्याने टायरचा आणि वाऱ्याचा आवाज अधिक उघडा पडतो. तेथेही हाच विचार लागू होतो.

आधी दुरुस्ती, मग शीट

आवाज हे अनेकदा बिघाडाचे लक्षण असते. वेगाबरोबर वाढत जाणारी आणि वळणावर कमी-अधिक होणारी गुणगुण चाकाचे बेअरिंग झिजल्याचे सांगत असते. असा आवाज गालिच्याखाली दडपणे म्हणजे ताप आलेल्या माणसाच्या अंगावर आणखी एक पांघरूण टाकून निश्चिंत होणे. शीट विकत घेण्यापूर्वी बेअरिंग, असमान झिजलेले टायर, त्यांतील हवेचा दाब, इंजिनाचे रबरी आधार, सायलेन्सरचे टांगणरबर आणि चाकाजवळील सैल प्लास्टिक यांची तपासणी करून घ्यावी.

दारांचे रबरी बीडिंग हा दुसरा दुर्लक्षित भाग. उन्हाने आणि खाऱ्या हवेने ते कडक होते, चपटते आणि फट पडते. तपासणीची रीत सोपी आहे. कागदाचा तुकडा बीडिंगवर धरून दार लावावे आणि कागद ओढून पाहावा. तो विनासायास निसटला तर त्या जागी बीडिंगची पकड उरलेली नाही. नवे बीडिंग बसवण्याने वाऱ्याची शीळ जितकी कमी होते, तितकी ती कोणत्याही शीटने होत नाही. दाराच्या आवरणाच्या तुटलेल्या क्लिपा बदलणे, नंबरप्लेटच्या मागे फोमचे ठिपके लावणे आणि डिकीतील जॅक-पाना कापडात गुंडाळून घट्ट बसवणे ही नाममात्र खर्चाची कामेही आधी उरकावीत.

साहित्याची निवड

ब्युटाइल आणि डांबर यांत ब्युटाइलला प्राधान्य द्यावे. उन्हात उभ्या गाडीच्या गडद रंगाच्या टपाचे तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. त्या उष्णतेत स्वस्त डांबरी शीट मऊ होऊन ओघळते, सुटते आणि गाडीत वास पसरवते. गच्चीच्या गळतीसाठी मिळणारी चंदेरी डांबरी पट्टी दिसायला सारखीच असते आणि किमतीने स्वस्तही. ती बाहेरच्या गळतीसाठी बनवलेली असल्याने गाडीच्या आत वापरू नये.

साधारण २ मिलिमीटर जाडीची आणि किमान ०.१ मिलिमीटर ॲल्युमिनियम असलेली शीट दारांसाठी पुरेशी असते. अशा शीटचे वजन चौरस मीटरला साडेतीन किलोच्या घरात जाते. चारही दारे, टप आणि तळ मिळून ५ ते ६ चौरस मीटर शीट लागली, तर गाडीचे वजन १७ ते २१ किलोंनी वाढते. लहान गाडीला हा भार नगण्य नाही आणि म्हणूनच 'जितकी अधिक तितकी चांगली' हे तत्त्व येथे चालत नाही.

पत्रा सर्वाधिक वाकतो तो कडांपासून दूर, मोकळ्या मध्यभागी. शीटचे कार्य वाकण्यावरच अवलंबून असल्याने प्रत्येक मोकळ्या भागाच्या मध्यावर एकूण क्षेत्राच्या २५ ते ३० टक्के आच्छादन केले की शमनाचा बहुतांश लाभ पदरात पडतो. पुढच्या प्रत्येक तुकड्यासोबत खर्च आणि वजन पूर्वीइतकेच वाढते, लाभ मात्र घटत जातो. पूर्ण पत्रा मढवून देण्याचा आग्रह धरणाऱ्या कारागिराला हा प्रश्न विचारणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

दाराची रचना आणि पाण्याची वाट

दार कोरडे असते, हा समज चुकीचा आहे. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी बाहेरच्या बीडिंगखालून दाराच्या पोकळीत उतरतच असते आणि दाराची रचना ते गृहीत धरूनच केलेली असते. हे पाणी बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने खाली जाते आणि दाराच्या तळाशी ठेवलेल्या छिद्रांतून बाहेर पडते. आतल्या पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा हे पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. त्या पडद्यावर आवरण बसते, ज्याला कारागीर 'डोअर पॅड' म्हणतात.

या रचनेतून तीन नियम निघतात. पहिला, दाराच्या तळाशी असलेली छिद्रे कोणत्याही परिस्थितीत झाकू नयेत आणि तळापासून चार बोटे अंतरापर्यंत शीट लावूच नये. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो तो भाग तळाशीच असतो. पाणी, लाल माती आणि मिठाचा अंश तेथे साचला की गंज आतून सुरू होतो. रंगाला फोड आलेले दिसतात, तोवर पत्रा आतून खाल्ला गेलेला असतो. दुसरा नियम असा की, पाणी धरून ठेवणारा कोणताही पदार्थ दाराच्या पोकळीत नको. फेल्ट, कापूस, साधा स्पंज यांना तेथे स्थान नाही. फोम बंद छिद्रांचा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याचा तुकडा पाण्यात बुडवून पिळावा. पाणी निघाले तर तो दारासाठी निरुपयोगी आहे. तिसरा नियम प्लास्टिकच्या पडद्याविषयी. तो फाटला असल्यास नवा बसवावा आणि कडा पूर्ववत चिकटवाव्यात. पडदा काढून फेकून दिल्यास पहिल्याच पावसात पायांखालचा गालिचा ओला होतो.

पत्र्यावर आधीच गंज असेल तर त्यावर शीट चिकटवणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. गंज घासून काढावा, गंजरोधक प्रायमर द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच पुढचे काम हाती घ्यावे. हे काम पावसाळ्यात शक्यतो टाळावे. मार्च ते मे हा काळ सर्वांत सोयीचा. पत्रा कोरडा असतो आणि उष्णतेने ब्युटाइल मऊ राहून चांगले बसते.

लावण्याची रीत

एका दारापासून आरंभ करणे शहाणपणाचे ठरते. दोन पुढच्या दारांपैकी एकावर काम करून दुसऱ्याशी तुलना केली की पुढे खर्च करायचा की नाही, याचा निर्णय स्वतःच्या कानांनी घेता येतो.

प्रथम डोअर पॅडचे स्क्रू काढून क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने सावकाश उचकाव्यात. काचेच्या बटणांच्या आणि स्पीकरच्या तारा ओढून न तोडता त्यांचे जोड सोडवावेत. प्रत्येक टप्प्यावर भ्रमणध्वनीने छायाचित्र घेतल्यास पुन्हा जोडताना घोटाळा होत नाही. त्यानंतर पडदा एका कडेने अलगद सोडवून घ्यावा.

बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूवरील धूळ ओल्या कापडाने आणि नंतर तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा. पत्रा पूर्ण वाळल्यावर त्यावर बोटाने टिचकी मारत जावे. जेथे नाद मोकळा आणि लांबणारा येतो, ती शीटची जागा. जेथे तो आधीच बद्द येतो, तेथे शीट व्यर्थ आहे. दाराच्या आत आडवी जाणारी जाड पोलादी नळी किंवा पट्टी अपघातात प्रवाशाचे रक्षण करते. तिच्यावर आणि पत्र्यावर कारखान्याने लावलेले मऊ गोळे काढू नयेत. पत्रा फडफडू नये म्हणूनच ते लावलेले असतात.

शीट हाताएवढ्या तुकड्यांत कापून घ्यावी. मोठा तुकडा अडचणीच्या जागी सुरकुततो. कापलेल्या ॲल्युमिनियमची कड पात्यासारखी धारदार असते, म्हणून हातमोजे घालणे अनिवार्य समजावे. तुकडा मध्यापासून कडांकडे लहान रोलरने दाबत न्यावा. वरची नक्षी दबून सपाट झाली की चिकटणे पूर्ण झाले, असे समजता येते. हवेचा फुगा राहिल्यास सुईने टोचून तो दाबून बसवावा. फुग्याच्या जागी शमन होत नाही आणि तेथे ओल धरण्याची शक्यता राहते.

काच पूर्ण खाली-वर करून ती शीटला घासत नाही, कुलपाच्या सळ्या मोकळ्या हलतात आणि तारा कोठे दबलेल्या नाहीत, याची खातरजमा करूनच आवरण परत बसवावे. तत्पूर्वी एक परीक्षा आवश्यक आहे. बंद काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओतावे आणि ते दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते का, ते पाहावे. ही परीक्षा कारागिरालाही ग्राहकासमोर करायला लावावी.

टप, तळ आणि डिकी

पावसाळी प्रदेशात टपावरील कामाचा लाभ सर्वाधिक जाणवतो, कारण तेथे थेंबांच्या माऱ्याने पत्राच वाजत असतो. मात्र हे काम सर्वांत नाजूकही आहे. छताचे कापडी आवरण उतरवताना त्यावर घडी पडली तर ती जात नाही. टपासाठी हलकी शीट घ्यावी आणि आडव्या पट्ट्यांमधील मोकळ्या भागाच्या मध्यावरच लावावी. गाडीच्या माथ्यावर वजन वाढवणे हिताचे नसते.

तळावर कारखान्याने दिलेल्या चकत्या असल्यास त्यांवर पुन्हा शीट लावण्यापेक्षा गालिच्याखाली फोम आणि त्यावर जड व्हिनाइल असा अडसर दिल्याने अधिक फरक पडतो. तळातील रबरी बुचे झाकू नयेत. डिकीत सुटे चाक ठेवण्याची खोलगट जागा आणि मागच्या चाकांच्या कमानी ही आवाज शिरण्याची प्रमुख ठिकाणे आहेत. त्या खोलगट जागी पाणी साचलेले आढळले, तर शीट बाजूला ठेवून आधी गळती शोधावी.

सुरक्षिततेचे प्रश्न

अनेक गाड्यांत छताच्या दोन्ही कडांना पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात. त्यांच्या वाटेत शीट, फोम किंवा गोंद आल्यास अपघातप्रसंगी त्या नीट उघडणार नाहीत. काही गाड्यांच्या पुढच्या दारांत बाजूची धडक ओळखणारा, दाराच्या पोकळीतील हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दाराची पोकळी कारखान्याने जशी बंद केली आहे तशीच राहिली, तरच तो अचूक चालतो. अशा गाड्यांचे दार आणि टप प्रशिक्षित हातांनीच उघडावेत आणि बॅटरीचा जोड काढूनच काम सुरू करावे.

आगीचा विचारही सोडता येत नाही. अमेरिकेच्या ३०२ क्रमांकाच्या वाहन सुरक्षा मानकानुसार गाडीच्या आतील साहित्यावर ज्वाला मिनिटाला १०२ मिलिमीटरहून अधिक वेगाने पसरता कामा नये. शीट आणि फोम यांच्या वेष्टनावर अशा चाचणीचा उल्लेख आहे का, ते पाहावे. पॅकिंगचा फोम, थर्मोकोल, जुन्या गाद्यांचा कापूस यांचा वापर धोकादायक आहे. बॉनेटखाली तर तेथील उष्णतेसाठीच बनवलेले साहित्य वापरावे आणि ते एक्झॉस्टपासून दूर ठेवावे.

फरक कसा मोजावा

कामापूर्वी आणि कामानंतर एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, काचा बंद आणि पंखा बंद ठेवून, टायरमध्ये तेवढीच हवा असताना आणि भ्रमणध्वनी त्याच जागी ठेवून नोंद घेतली तरच तुलनेला अर्थ राहतो. ओला आणि कोरडा रस्ता यांची तुलना करू नये. ध्वनिमापक ॲपवर दिसणारा आकडा बहुधा 'ए' भाराचा असतो. मानवी श्रवणाशी जुळवून घेण्यासाठी या पद्धतीत खालचे स्वर कमी धरले जातात. १०० हर्ट्झचा ध्वनी १९ डेसिबलने कमी नोंदवला जातो. त्यामुळे दाराचा घुमारा प्रत्यक्षात निवळला, तरी आकडा फारसा हलत नाही. शमनाची खरी परीक्षा म्हणूनच बोटाची टिचकी. पूर्वी 'टण्ण' वाजणारा पत्रा 'ठप्' असा बद्द बोलू लागला की शीटने तिचे काम केले.

आणखी एक नोंद पावसाळा ओसरल्यावर घ्यावी. डोअर पॅड सोडवून दाराच्या तळाशी बोट फिरवावे. बोट कोरडे आले आणि छिद्रे मोकळी आढळली, तर काम खऱ्या अर्थाने नीट झाले. बोटाला लाल चिखल किंवा गंजाची भुकटी लागली, तर दार कितीही शांतपणे लागत असले तरी छिद्रे झाकणारा शीटचा तुकडा त्याच दिवशी काढून टाकावा.